सहा दिवसांत तिघं गेले, बातमी मात्र एकाचीच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा रॉक अँड रोल गायक आणि पियानोवादक लिटिल रिचर्ड गेल्याची बातमी तुम्ही फोटोसकट छापलीत, वाचून बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात अजून दोघी गायिका गेल्या आणि त्यांच्याबद्दल पेपरात एक ओळही दिसली नाही, म्हणून हे पत्र. ५ मे २०२० ला मिली स्मॉल गेली, ९ ला लिटिल रिचर्ड, १० ला बेटी राइट. स्का (जमैकाचं नाचरं संगीत), रॉक अँड रोल, सोल (गॉस्पेलमधून आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत), तिन्ही घरांतलं एकेक माणूस सहा दिवसांत गेलं.

मिली जमैकाची. १९६३ मध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेलने तिला लंडनला आणलं आणि पुढच्याच वर्षी 'माय बॉय लॉलीपॉप' आलं, तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती. गाणं दोन मिनिटांचं, पण ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि ज्यांनी स्का हा शब्दही ऐकला नव्हता त्यांचे पाय त्यावर हलायला लागले. एकदा हेडफोन लावून ऐका. तुम्ही एक-दोन-तीन-चार मोजत राहा, गिटारचा तो 'चक' तुमच्या आकड्यावर पडतच नाही, दोन आकड्यांच्या मधे पडतो, आणि त्यावर तो चिरका, कोवळा, खट्याळ आवाज. ब्लॅकवेलच्या आयलंड कंपनीचं बस्तान बसलं ते या गाण्याच्या पैशावर, पुढे याच कंपनीने बॉब मार्ली जगभर नेला. आणि मिलीला? आपल्याला या गाण्याची रॉयल्टी मिळालीच नाही असं तिने स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं, मधल्या काळात तर लंडनमध्ये हॉस्टेलवर राहायची वेळ तिच्यावर आली होती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

बेटी राइट मायामीची. घरातल्या गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं गाणाऱ्या ग्रुपमध्ये अगदी लहानपणापासून गात होती, चौदाव्या वर्षी पहिलं हिट, आणि १९७१ मध्ये 'क्लीन अप वुमन' आलं तेव्हा सतरा वर्षांची. या गाण्यात बेटी तोंड उघडायच्या आधीच गिटार तुम्हाला पकडते, ती विली हेलची, ज्याला सगळे लिटिल बीव्हर म्हणायचे. मग बेटी येते आणि सतरा वर्षांची पोर चाळिशीतल्या बाईसारखं शहाणपण सांगते, आणि आपल्याला ते पटतं! पुढे तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, 'मदर विट' हा अल्बम त्याच कंपनीचा आणि भरपूर खपून तो 'गोल्ड' ठरला. नव्या पोरींनाही तिने हाताशी धरून शिकवलं, ब्रिटिश गायिका जॉस स्टोनचा पहिला अल्बम घडवण्यात तिचा मोठा हात होता. ६६ हे काय जायचं वय आहे का?

लिटिल रिचर्डबद्दल तुम्ही कपडे, मेकअप, आरडाओरडा सगळं लिहिलंत, त्याचा पियानोवरचा उजवा हात मात्र राहिला. सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या जे अँड एम स्टुडिओत 'टुटी फ्रुटी' रेकॉर्ड झालं, ड्रमवर अर्ल पामर होता. तोपर्यंत ड्रमर लोक ताल थोडा झोके देत वाजवायचे. पामरने नंतर सांगितलं की रिचर्डचा उजवा हात पियानोवर असा सरळ धडाधड चालायचा की त्याला गाठायच्या नादात मी तसा वाजवायला लागलो आणि त्यालाच लोक रॉक अँड रोल बीट म्हणायला लागले. म्हणजे आज कुठलाही बँड जो ठोका वाजवतो त्याचं मूळ एका माणसाच्या पाच बोटांत आहे, हे छापायला नको होतं का?

रविवारच्या पुरवणीत अर्धं पान तरी या दोघींना द्या एवढी विनंती. अजून एक, 'माय बॉय लॉलीपॉप'ची अरेंजमेंट, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल याची मांडणी, ज्यांनी केली ते गिटारवादक अर्नेस्ट रँगलिन मे २०२० मध्ये ८७ वर्षांचे होते. त्यांच्यावरही एक लेख छापा.

आपला,
एक नियमित वाचक