हायड्रोजन हायड्रोजन करताय, पण भट्टीचं काय?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत हायड्रोजनवर पान भरून लेख होता, सरकारचं 19,744 कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन वगैरे, सगळं वाचलं. फ्युएल सेलचं, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या सेलचं, चित्र पण छान होतं, फक्त त्या सेलच्या मधली सिरॅमिकची चकती भाजायची कशी याबद्दल एक ओळ नाही, आणि माझं आयुष्य रबाळे एमआयडीसीत भट्टीसमोर गेलंय म्हणून ते जरा खुपलं.

माझ्याकडे एक पीएचडीवाली पोरगी पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली छोटी चकती, भाजायला घेऊन येते, बेरियम झिरकोनेट, त्यात थोडं इट्रियम घातलेलं. तिने समजावलं ते असं की यातून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा गाभा, जातो, त्यामुळे सेल 400 ते 600 डिग्रीतच चालतो, ज्यातून ऑक्सिजन जातो त्या जुन्या ऑक्साइडवाल्या सेलसारखं 800 च्या आसपास तापवावं लागत नाही. भारी आहे. पण चकती पाझरता कामा नये. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, इथे पाझरली तर एका बाजूचा हायड्रोजन दुसऱ्या बाजूला जाणार आणि खेळ खलास, म्हणून डेन्सिटी, म्हणजे चकती किती भरीव झाली ते, 95 टक्क्यांच्या वर पाहिजे. आणि हे मटेरियल इतकं हट्टी की वितळायलाच 2600 च्या वर लागतं, लोक त्याची क्रुसिबल, म्हणजे दुसरं काही वितळवायची भांडी, बनवतात! नुसतं भाजायचं तरी 1600-1700 डिग्री आणि 24 तास. मिनिटाला 3 डिग्रीने चढवायचं म्हणजे चढायला 9 तास, उतरायला तेवढेच, एका पेलेटसाठी भट्टी 42 तास अडकली, बोला.

त्यात एवढ्या तापात बेरियम उडून जातं. त्यावर उपाय म्हणजे त्याच मटेरियलच्या पावडरीत पेलेट पुरून ठेवायचं, आंब्याची अढी घालतो तसं, म्हणजे उडायचं ते त्या पावडरीतलं उडतं. एवढं करूनही चकतीच्या आतले दाणे बारीकच राहतात, आणि दोन दाण्यांच्या मधे प्रोटॉन अडतो. ऐरोलीला छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला पण इथे प्रत्येक दाण्याच्या कडेला नाका आहेच, दाणे मोठे झाले तर नाके कमी. थोडं निकेल किंवा झिंक ऑक्साइड टाकलं की 1300-1400 ला काम होतं, हे खरंय, पण ते कडेला साचून राहतं आणि कंडक्टिव्हिटी, म्हणजे प्रोटॉन वाहून न्यायची ताकद, खाऊ शकतं. झिरकोनियमच्या जागी सिरियम जास्त घातलं तर भाजायला सोपं, मग कार्बन डायऑक्साइड लागला की बेरियम कार्बोनेट होऊन चकती भुसभुशीत. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

मागच्या महिन्यात रात्री लाईट गेली, भट्टी 1500 वरून धडाधड खाली आली. 13 मिमीचं पेलेट व्यवस्थित भाजलं तर आटून 11 च्या आसपास येतं, हे 12 वरच अडकलं आणि वर तडा. हिशोब केला तर डेन्सिटी 75 टक्के पण नाही. पोरगी काही बोलली नाही, डबीत घालून घेऊन गेली, मलाच कसंतरी झालं कारण जनरेटर माझाच छोटा आहे, तो एवढा लोड घेत नाही.

तर मुद्दा असा की ठाणे-बेलापूर पट्ट्यात छोट्या युनिटना आणि कॉलेजच्या पोरांना मिळून वापरता येईल अशी एक 1700 डिग्रीची भट्टी द्या, मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या एलिमेंटची (एलिमेंट म्हणजे भट्टी तापवणाऱ्या कांड्या), बॅकअपसकट. सिलिकॉन कार्बाइडवर हे जमत नाही, आणि आमच्यासारख्या बहुतेकांकडे तीच आहे, माझी एक सोडून. हजारो कोटींतून एक भट्टी म्हणजे काय मोठंसं नाही, तुमच्या पेपरात आलं तर निदान कोणीतरी वाचेल.

पोरगी सोमवारी परत येतेय. यावेळी अढीची पावडर दुप्पट आण म्हणून सांगितलंय.

आपला,
एक भट्टीवाला, रबाळे (राहणार कळवा)