औषधांच्या बाटल्यांची पिशवी मागवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

फॉलोअपला आलो तेव्हा कळलं की तुमची पोस्टिंग दुसरीकडे लागली. ओपीडीत ती गर्दी, कोणाला विचारणार, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं आडनाव एप्रनवर वाचलं होतं पण न विचारता टाकत नाही. धुळ्याला, खिडकीजवळची कॉट, 14 महिन्यांचा मुलगा, छातीत नळी, चाळीसगाववाले. एवढ्यावरून आठवेल तुम्हाला.

आम्ही आलो तेव्हा तापाचा पाचवा दिवस होता. सासूबाई दोन दिवस म्हणत होत्या पोराला डबा (न्यूमोनिया) झालाय, पोट बघ कसं उडतंय, आणि मी म्हणत होते सर्दी आहे हो, जाईल. तुम्ही आल्या आल्या त्याचा शर्ट वर केलात आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजलेत, 62 भरले. या वयाला 40 च्या वर गेले तरी घाई करायची, हे मला दोन लेकरं झाल्यावर पहिल्यांदा कळलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन दिवस झाले तरी ताप हटेना. पहिल्या एक्सरेत छोटासा डाग होता तो दुसऱ्यात अख्खी डावी बाजू पांढरी. तिथे कुणीही नुसतं भारी औषध लिहून पुढे गेलं असतं, तुम्ही रात्री साडेअकराला स्टूल ओढून बसलात आणि मला पोलिसासारखे प्रश्न विचारलेत (रागावू नका, तेव्हा तसंच वाटलं). शेंगदाणा वगैरे खाताना ठसका लागला होता का, घरात कुणाला टीबी, विडी कोण ओढतं, चूल आहे का, जन्माला वजन किती. आठव्या महिन्यातच झाला, 1.8 किलो होता आणि 12 दिवस काचेत होता हे मी आपलं असंच सांगितलं, ते पण तुम्ही लिहून घेतलंत. आणि मग तो प्रश्न, मागच्या तीन महिन्यात काय काय औषधं दिली?

मी म्हटलं काही विशेष नाही.

खोटं बोलत नव्हते हो मी, मला खरंच तसंच वाटत होतं. तुम्ही म्हणालात घरी जे असेल ते सगळं मागवा, रिकाम्या बाटल्या पण. दुसऱ्या दिवशी दीर एसटीने कॅरीबॅग घेऊन आले आणि तुम्ही त्या बाटल्या कॉटवर एकेक मांडल्यात तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. सहा बाटल्या! त्यातल्या चार अँटिबायोटिकच्या. एक मेडिकलवाल्याकडून तोंडी मागून आणलेली, तीन दिवसवाली. एक केजीत जाणाऱ्या मोठीची, पाणी घालून बनवलेली आणि उरली म्हणून महिनाभर फ्रीजच्या दारात ठेवलेली, तीच धाकट्याला चहाच्या चमच्याने, ते पण अर्धा चमचा, लहान आहे म्हणून. दोन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, पण ताप उतरला की आम्ही बंद केलेल्या. मोठी केजीतून सर्दी आणायची, ती धाकट्याला, आणि दर वेळी फ्रीजचं दार.

तुम्ही ओरडला नाहीत. मोठीच्या वहीचा कागद घेऊन त्यावर गोळे काढून दाखवलंत, नाकाघशात नेहमीच जंतू असतात, दर वेळी अर्धवट औषध गेलं की साधे मरतात आणि चिवट उरतात, आणि घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात. वर मांडीवरचा डाग बघून विचारलंत हे काय, म्हटलं गळू झालं होतं पंधरा दिवसांपूर्वी. तिथे तुमचा चेहरा बदलला, गळूचाच जंतू छातीत गेला असेल अशी शंका आली असावी. सोनोग्राफीत फुफ्फुसाबाहेर पू निघाला, नळी घातली, पू तपासणीला गेला आणि कल्चरचा, म्हणजे जंतू कोणता आणि कशाने मरतो त्याचा, रिपोर्ट यायच्या आधीच तुम्ही सरांशी बोलून औषध बदलून घेतलंत. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावापुढे एस आणि आर. एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे लागू पडत नाही. केवढे आर होते त्या कागदावर मॅडम! एमआरएसए निघाला, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा चिवट जंतू. त्यावरचं व्हॅन्कोमायसिन, तुम्ही बदलून घेतलेलं औषध, आधीच चालू होतं, सिस्टर ते तासभर हळूहळू सोडायच्या आणि मी थेंब मोजत बसायचे. तिसऱ्या दिवशी ताप 99 वर आला तेव्हा मी दोनदा थर्मामीटर झटकून बघितला.

एक गोष्ट मात्र सगळ्यात जास्त लक्षात राहिली. नवव्या महिन्याचा पीसीव्हीचा, म्हणजे न्यूमोनियाच्या लसीचा, डोस राहिला होता, त्या दिवशी सर्दी होती म्हणून आम्हीच नेलं नाही. मी रडत म्हटलं माझ्यामुळेच झालं हे सगळं. तुम्ही म्हणालात डोस राहायला नको होता, साध्या सर्दीत लस चालते, पण हा जंतू वेगळा, ती लस याच्यावर नाहीच. आणि कमी दिवसांचं बाळ, वजन 7.4 किलो, आजोबांची विडी, आधीची औषधं, ते गळू, यातलं नेमकं कशाने झालं ते मी सांगू शकत नाही आणि तुम्ही पण एकट्या स्वतःवर घेऊ नका, असंही म्हणालात. मी खूष व्हावं म्हणून नाही बोललात, आणि मी घाबरावं म्हणूनही नाही. म्हणूनच ते ऐकू आलं बहुतेक. आमच्याकडे नातेवाईकांनी तर दोन्ही गोष्टी भरपूर केल्या.

आता नवीन एक्सरे जवळजवळ स्वच्छ आहे. वजन 9 च्या वर गेलंय, राहिलेला डोस पण दिला. सासरे ओट्यावर नाही, पार रस्त्यापलीकडे जाऊन विडी ओढतात आणि येताना हात धुतात, बंद काही झाली नाही. परवा मोठीला ताप आला तर मिस्टर सवयीने फ्रीजकडे गेले, मग तसेच गाडीची किल्ली घेऊन वळले.

फॉलोअपला येताना सासूबाईंनी लाडवांचा डबा दिला होता, मोठ्या डॉक्टरीणबाईंना द्यायचा म्हणून. त्यांना तुम्ही खूप मोठ्या वाटता, मी सांगितलं नाही की तुम्ही माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असाल. तुम्ही नव्हतात, तर तो डबा सिस्टरांकडे ठेवलाय. शेंगदाण्याचे आहेत, त्यामुळे वॉर्डातल्या बारक्यांना देऊ नका म्हटलं, बघा, विसरले नाही. निळ्या झाकणाचा डबा आहे, तुमच्यापर्यंत पोचला का?

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवाली आई