विश्रामबागवाडा दर्शनी सज्जापुरताच नाही

महोदय,

पुण्याचा वाडा म्हटला की लोक शनिवारवाड्याकडे बोट दाखवतात. तिथला महाल १८२८च्या आगीत गेला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. पेशवाईतला लाकडी वाडा उभा पाहायचा तर विश्रामबागवाड्यात जायला हवे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधला आणि १८१८ला राज्य जाईपर्यंत तोच त्याचा आवडता मुक्काम होता.

बहुतेकांचा वाडा रस्त्यावरूनच ‘बघून’ होतो. दर्शनी सज्जा देखणा आहे, वादच नाही. पण एकदा सुरूच्या झाडाच्या आकाराच्या खांबाजवळ थांबून नीट बघा. खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा, अंगावर पानांची नक्षी. दोन खांबांना जोडणारी महिरप कोरणाऱ्या सुताराचे नाव कुठेच नाही, ही खंत मला दर वेळी वाटते.

पुढे १८२१मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि हा वाडा एकाच रात्री पेटवले गेले. बुधवारवाडा संपला, याचा पूर्वेकडचा भाग जळाला आणि नंतर लोकवर्गणीच्या मदतीने पुन्हा उभारला गेला. म्हणजे आपण ‘पेशवेकालीन’ म्हणून पाहतो त्यातला काही भाग त्या वर्गणीदारांचा आहे. जुना भाग कोणता आणि नंतरचा कोणता, हे सांगणारा एक साधा नकाशा वाड्याच्या चौकात लावता येईल का?

– एक वाचक, पुणे