पंपाचा हिशेब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दम्याचं निदान झालं हे तू एका ओळीत उरकलंस आणि सरकारकडून औषधांना काही मदत मिळते का, यावर पान भरलंस. धापेपेक्षा खर्चानेच तुझी झोप उडवलेली दिसते. माझंही तसंच झालं होतं.

आधी माझा गाढवपणा ऐक. पूर्वी माझ्या पंपावर (इन्हेलरवर) उरलेले फवारे दाखवणारा काउंटर नव्हता. दोनशे फवाऱ्यांची डबी कधी संपली ते कळायचंच नाही. कानाशी धरून हलवायचो, कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यात टाकून तरंगते का ते बघायचो. (तू असलं काही करू नकोस. औषध संपलं तरी आतला वायू उरतो आणि डबी फुसफुसत राहते.) डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे सांगितले होते, मी एकेकावर आणले. पंप दुप्पट दिवस पुरायला लागला, म्हणून स्वतःवर खूशही होतो. मग एका रात्री वाक्य पुरं करता येईना. दोन शब्द, श्वास, पुन्हा दोन शब्द. ऑक्सिजन, नेब्युलायझर, तीन दिवस अ‍ॅडमिट.

त्या तीन दिवसांचं बिल सरकारी योजनेत बसलं. डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलेला पंप मात्र बसला नाही, कारण तोवर मी 'भरती' उरलो नव्हतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी नियम नीट समजावून सांगितला, त्यांच्यावर राग नाही. पण जो पंप नीट घेतला असता तर ते तीन दिवस टळले असते, त्याला पैसे नाहीत आणि त्या तीन दिवसांना आहेत, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

तुलाही हेच भेटणार, म्हणून आत्ताच सांगतो. दोन पंप असतात. एक जोर आला की घ्यायचा, पाच मिनिटांत छाती मोकळी. दुसरा स्टेरॉइडचा, रोज घ्यायचा. तो श्वासनलिकांची सूज खाली ठेवतो आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. पैसे आखडले की माणूस जाणवतो तो ठेवतो, दुसरा सोडतो. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'जिना' (GINA) या संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की निव्वळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर दमा सांभाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही प्रकार आहेत. यादीत असणं वेगळं, हातात पडणं वेगळं.

श्रीमंत देशांत सगळं फुकट असेल, असं तू लिहिलंस. तसं नाही रे. इंग्लंडमध्ये कोणत्या आजारांच्या रुग्णांना औषधाच्या चिठ्ठीचं शुल्क माफ, याची यादी मुळात 1968 ची. मधुमेहावर औषधं घेणारे तीत आहेत, अपस्मार आहे, दमा नाही. मुलं, साठीपुढचे आणि कमी उत्पन्नाचे लोक सुटतात, बाकीच्या बहुतेकांनी भरायचं. शेजारच्या वेल्सने 2007 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये हे शुल्कच काढून टाकलं. म्हणजे एकच आजार, एकच पंप, सीमा ओलांडली की हिशेब वेगळा.

आणि मदत मागायची तुला लाज वाटते म्हणतोस, त्यावर जपानची गोष्ट सांगतो. योक्काइची गावात पेट्रोरसायन कारखाने आले आणि माणसं धापा टाकायला लागली. 1965 मध्ये गावच्या पालिकेनेच रुग्णांचा औषधपाण्याचा खर्च उचलायला सुरुवात केली. नऊ रुग्ण कारखान्यांविरुद्ध कोर्टात गेले, 1972 मध्ये जिंकले. पुढच्याच वर्षी कायदा झाला: ठरवून दिलेल्या भागांतल्या दमेकऱ्यांच्या उपचारांचा खर्च निघायचा आणि त्यासाठीचा पैसा मुख्यतः धूर सोडणाऱ्यांकडून, काही भाग वाहनांवरच्या करातून यायचा. याला उपकार कोण म्हणेल? धूर ज्याने केला त्याने भरपाई दिली, इतकंच. पण 1988 मध्ये नवी नावं घेणं थांबवलं. पुढे टोकियोतल्या रुग्णांनी गाड्यांच्या धुराविरुद्ध दावा लावला, 2007 मध्ये तडजोड झाली, 2008 पासून तिथल्या दमेकऱ्यांना खर्चात मदत सुरू झाली. प्रौढांची नवी नोंदणी 2015 मध्ये बंद. ज्यांचे कागद वेळेत गेले त्यांचं चालू राहिलं.

म्हणून तू कागदांना लाग. केसपेपरवर 'श्वासाचा त्रास' असं मोघम लिहू देऊ नकोस, 'दमा' असंच लिहून घे. स्पायरोमेट्रीचा (नळीत फुंकून श्वास मोजतात त्या तपासणीचा) रिपोर्ट जपून ठेव, कारण बरं वाटत असलेल्या दिवशी दमेकरी कुणालाच आजारी दिसत नाही आणि अर्ज तपासणारा तर मुळीच मानत नाही. खिडकीवर 'मदत मिळते का' एवढंच विचारू नकोस, 'भरती न होता रोजची औषधं मिळतात का' असं विचार. पहिल्या प्रश्नाला सगळीकडे हो म्हणतात. सरकारी दवाखान्यात स्टेरॉइडचा पंप मिळतो का, तेही विचार. कधी कधी तो असतो आणि मागितल्याशिवाय निघत नाही.

फवाऱ्यानंतर चूळ भरतोस ना? आणि काउंटरवर आज किती आकडा आहे, तो उलट टपाली कळव. तारखेसकट. मी इथे हिशेब करून बघतो, तू मला फसवतोयस का ते.

तुझाच,
जुना दमेकरी