वेरूळला अख्खा दिवस द्या

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की सगळीकडे सहलींचे आराखडे छापून येतात. त्यात छत्रपती संभाजीनगरची सहल ठरलेली असते: पहिल्या दिवशी दौलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, बीबी का मकबरा आणि अंधार पडता पडता पैठणीची खरेदी, दुसऱ्या दिवशी अजिंठा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन असं फिरू नका, असं कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी आम्ही एका प्रवासी कंपनीच्या बसने नेमके मंगळवारी वेरूळला पोहोचलो. लेण्यांना मंगळवारी सुट्टी असते, हे व्यवस्थापकाला फाटकाशी आल्यावर कळलं! बंद फाटकाच्या गजांना धरून उभी राहिलेली माझी सातवीतली मुलगी अजून डोळ्यांसमोर येते. तिने कैलास लेण्याचा प्रकल्प वहीत चिकटवून बरोबर आणला होता.

यंदा दिवाळीनंतर आम्ही आमचे आम्ही गेलो. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, एवढं आधी पक्कं केलं. यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सोमवारी अजिंठा बंद म्हणून पर्यटक वेरूळकडे वळतात आणि शंकराचा वार म्हणून घृष्णेश्वरालाही त्याच दिवशी रांग लागते. श्रावणात तर विचारूच नका. म्हणून आम्ही बुधवार वेरूळला दिला, गुरुवारी विश्रांती आणि शुक्रवारी अजिंठा.

बुधवारी भल्या सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं. पुरुषांनी सदरा काढून गाभाऱ्यात जायचं, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. सासूबाईंना गाभाऱ्यात क्षणभर टेकता आलं. मग सभामंडपात बसून त्यांनी नातवंडांना अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धाराची गोष्ट सांगितली. पुढे बस सुटणार नव्हती, म्हणून ती गोष्ट पूर्ण झाली.

वेरूळची 34 लेणी दोनेक किलोमीटर पसरलेली आहेत. ती सगळी पाहायचा हट्ट धरू नये. आम्ही बौद्ध लेण्यांतलं दहावं, हिंदू लेण्यांतलं सोळावं म्हणजे कैलास आणि जैन लेण्यांतलं बत्तिसावं, एवढीच निवडली. दहाव्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. छताला लाकडी घराला असाव्यात तशा कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. ‘दगडाला तुळया कशाला लागतात?’ असं मुलीने विचारलं. आधी अशी घरं लाकडाची बांधत, तीच घडण कारागिरांनी दगडात उतरवली, हे तिला तिथे उभं राहून एका मिनिटात समजलं.

कैलास मुद्दाम दुपारनंतर पाहिलं. त्याचं तोंड पश्चिमेला असल्याने ऊन तेव्हा आत येतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. डोंगर वरून खाली कोरत आणला आहे, म्हणजे आधी कळस आणि शेवटी पाया. जोत्याला मंदिर पाठीवर पेलणारे हत्ती आहेत. धाकटा त्यातल्या एका हत्तीला खांदा लावून किती तरी वेळ उभा होता. दक्षिणेकडच्या बाजूला रावण कैलास हलवतो आहे, त्या शिल्पापुढे आम्ही अर्धा तास बसलो. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, हे सासूबाईंनी दाखवेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून एसटीच्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं आणि मग पायऱ्या. गुडघेदुखी असलेल्यांनी संकोच न करता डोली करावी. पहिल्या लेण्यात आम्ही शिरलो तेव्हा काहीच दिसेना. तिथला कर्मचारी म्हणाला, ‘थांबा जरा, डोळ्यांना अंधार सरावू द्या.’ आणि खरंच, भिंतीवरच्या चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू वर आला, आधी मुकुट, मग झुकलेली पापणी, मग हातातलं कमळ. तेवढ्यात एक घाईतला गट शिरला, ‘इथे काही दिसत नाही’ म्हणत बाहेर पडला. त्यांच्यात दोन शाळकरी मुलं होती. मला फार वाईट वाटलं.

आपल्याला एवढीच विनंती आहे की यापुढे सहलीचा आराखडा छापताना लेण्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार, चालावं लागणारं अंतर आणि डोलीची सोय चौकटीत ठळक छापावी. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही, हेही लिहावं. पुष्कळ पालकांना ते ठाऊक नसतं. आणि प्रवासी कंपन्यांनी ‘एका दिवसात सहा स्थळं’ ही जाहिरात बंद करून वेरूळचा दिवस वेरूळलाच द्यावा.

आपली,
एक वाचक, नाशिक