सोलापूरच्या पूर्व भागातल्या पिको-फॉलवाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

मोबाईलमधलं तुम्ही काही वाचत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तरी इथंच लिहितेय. नातू वाचून दाखवील. नाही दाखवलं तर बाकीचे वाचतील, काहींनी तर जरूर वाचावं.

लेकीच्या बाळासाठी गोधडी घातली होती. वर छापील निळी चौकडी, आत माझ्या आईची जुनी सुती लुगडी. चौकडीची रेघ एका काठापासून निघायची आणि ४४ इंची पन्हा ओलांडून दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत सव्वा इंच खाली उतरलेली असायची. ज्यांनी कापड विकलं त्यांना दाखवलं, तर गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, एवढं कोण बघतं?" सोलापुरात! जिथं निम्म्या गावानं मागावर पोट भरलं, तिथं कापडाचा दुकानदार विचारतो, कोण बघतं. शिवणक्लास घेणाऱ्या एका बाईंनी कापडाला हात न लावताच निकाल दिला, की माझीच कात्री वाकडी चालते. आणखी एकानं सांगितलं, भिजवून तिरकं ओढा, सरळ होईल. ओढलं. धुतल्यावर परत जिथल्या तिथं.

तुमच्याकडे आले ती साडीला फॉल लावायला. पिशवीतनं डोकावणारं कापड बघून तुम्हीच विचारलंत, हे काय ओ ताई? चष्मा पुसलात, काठ दोन बोटांत धरलात आणि म्हणालात, "एक धागा काढू का?"

अण्णा, आयुष्यभर लूमवर कापड काढलेला माणूस माझ्या तीन मीटर छापील सुतातला एक धागा काढायला माझी परवानगी मागतो! बाकीच्यांनी ते काउंटरवर नुसतं लोटलं होतं. तुम्ही विचारलंत आणि मी मान हलवेपर्यंत थांबलात. अजून आठवलं की घसा दाटतो. घरातले हसतात, हसू देत.

धागा निघाला, त्या जागी बारीक रेघ राहिली, काठाशी अगदी काटकोनात. चौकडी मात्र तिला सोडून खाली चाललेली. "कापड शहाणं हाय, छपाईत तिरकं शिरलंय." एवढ्या एका वाक्यात विणणाराही सुटला आणि माझी कात्रीही. ओलं कापड कारखान्यात ताणून वाळवताना एक काठ पुढं पळाला, तर आडवे धागेच कलंडतात, तसलं कापड ओढून जागेवर येतं, हेही तुम्हीच सांगितलंत. इथं धागे मुळात सरळ, त्यांना ओढून ओढून काय होणार? मग भिंतीला टांगलेल्या, जॅकार्डच्या म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या चादरीकडे बोट केलंत. "जॅकार्डवर नक्षी धाग्यातच असती. गेली तर धाग्याबरोबर जाईल, त्याला सोडून कुठं जाणार?" त्या वेळचा तुमच्या तोंडावरचा तोरा मला फार आवडला.

पुढचं तुम्ही फॉलला टाके घालता घालताच सोडवलंत. तुकडे चौकडीवर कापा, डोळ्याला तीच दिसते. कापायच्या आधी खळ द्या, म्हणजे कडा ताणायच्या नाहीत. पाठीचं कापड आणि चारी बाजूंची पट्टी मात्र साध्या कापडाची, धाग्याच्या रेघेत कापलेली. मधलं सगळं धावदोरा धरून ठेवतो. पैसे घेतलेत ते फॉलचे. याचे विचारले तर म्हणालात, "बघायचे कसले पैसे?"

बँकेत, दवाखान्यात, कचेरीच्या खिडकीशी मी पुष्कळ उभी राहिलेय. काम अडलं तर माणूस एकवेळ सोसतो, पण आपला कागद कुणी हातात घेऊन बघितलासुद्धा नाही, ते फार दिवस सलतं. तुमच्यासारखी बघणारी माणसं गल्लीबोळांत असतात, त्यांच्या दारावर धड पाटीही नसते.

गोधडी झाली. चौकडी सरळ दिसते, कडाही वळल्या नाहीत. बाळाला त्याचं काही नाही, ते कोपरा चघळतंय. पुढच्या आठवड्यात तुम्हाला दाखवायला आणते. उरलेला मीटरभर तुकडाही तुमच्याकडेच ठेवून जाईन. ते दुकानदार कधी तुमच्या गल्लीत आलेच, तर त्यांच्यापुढं पसरा.

तुमची,
निळ्या चौकडीवाली ताई