हात लावण्याआधी विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

त्या दिवशी गळा दाटून आला आणि धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं.

लेकीने प्लास्टिकच्या विटा, बीम, गिअर जोडून क्रेनचा ट्रक उभा केला होता. बाजूचे पाय पसरायचे, वरचा भाग गोल फिरायचा, रिकामा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, झोकात वर जायचा. हूकला काही अडकवलं की मात्र आतून कटकट सुरू आणि बूम जागच्या जागी. ज्याला दाखवावं त्याचं एकच पालुपद: मोटर कमी पडतेय, मोठी घाला. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी तर न विचारता अर्धा ट्रक उसकटला आणि वर म्हणाले, "खेळणंच तर आहे, जोडेल परत." त्यांच्यासमोर ती रडली नाही. नंतर खूप रडली. मला अजून त्यांचा राग येतो.

तुम्ही आलात, तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि विचारलंत, "हात लावू का?" माझ्याकडे नव्हे, तिच्याकडे बघून. तिने मान हलवेपर्यंत तुमचे हात मांडीवरच होते. काका, त्या दोन क्षणांत तिचा चेहरा कसा बदलला ते तुम्हाला कदाचित दिसलं नसेल. मी पाहिलंय. तिच्या कामाला कुणीतरी काम म्हणून वागवत होतं.

मग मोटर काढून तिलाच बोटाने फिरवायला लावलंत. "गिअरकडे नको, दांडीकडे बघ." आणि तिला दिसलं! गिअर जिच्यावर बसतो ती दांडी एकाच बाजूने धरलेली होती. वजन आलं की जराशी कलायची आणि गिअरचे दात एकमेकांवरून उडायचे. आठ दातांचा गिअर चोवीस दातांच्या गिअरला फिरवतो तेव्हा जोर जवळपास तिप्पट होतो, तो पेलायला दांडीला दोन्हीकडून आधार हवा, हे आता ती मला शिकवते. मोठ्या मोटरने दात आणखी जोरात उडाले असते, एवढंच. पलीकडून एक बीम लागला, बस. तोही तुम्ही बसवला नाहीत, तिच्या हातात दिलात.

येणारी माणसं पुष्कळ असतात. आपल्याला येतं म्हणून समोरच्याला लहान न करणारी फार थोडी. तुमच्यासारखं कुणी भेटलं की पोरांचा मोठ्या माणसांवरचा विश्वास टिकतो.

बूम आता वजन उचलतो, आणि मोटर बंद केली तरी ते खाली येत नाही. वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, वजनाच्या ओढीने उलटा फिरत नाही म्हणून, असं बाईसाहेब सांगतात. आता लांबणाऱ्या बूमवर घोडं अडलंय: आतला भाग दोरीने ओढायचा की रॅकने, म्हणजे दात असलेल्या सरळ पट्टीने, ढकलायचा? तुम्हाला विचारलं तर चालेल का, असं सारखं विचारतेय. सवड असेल तेव्हा नक्की कळवा.

आपली कृतज्ञ,
तिची आई